तेरा हजार अक्षरांची मोडतोड

चांदूर रेल्वे आणि अमरावती यांच्या मधे पोहरा-मालखेडचं जंगल आहे. हिवाळा लागला की या पट्ट्यातल्या तळ्यांवर उत्तरेकडची बदकं उतरतात आणि कॅमेरे घेतलेली माणसं भल्या पहाटे काठावर दबा धरून बसतात. ही पाहुणी मंडळी पोटात काय घेऊन येतात, याची फिकीर सहसा कुणी करत नाही. रानबदकं, हंस, कुरव हे इन्फ्लुएंझा ए या विषाणूचे मूळ यजमान. त्यांच्या आतड्यात तो वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि बहुतेक वेळा पक्ष्याला त्याचा पत्ताही नसतो. कोंबडी, डुक्कर, घोडा, माणूस ही त्याची नंतरची बिऱ्हाडं.

चांदूर रेल्वेच्या बाजारात या विषाणूची ओळख वेगळीच आहे. तो आला की भाव पडतो. टीव्हीवर ‘बर्ड फ्लू’ची पट्टी फिरू लागली की चिकनच्या दुकानापुढची गर्दी ओसरते, बॉयलरचा दर कोसळतो आणि गावरान कोंबड्या विकणारा ‘आपल्या घरच्या हायेत’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो. काही दिवसांनी सगळं पूर्ववत होतं. पुढची पट्टी येईपर्यंत विषय बंद.

या विषाणूच्या भारतातल्या इतिहासात अमरावती जिल्ह्याच्या नावावर मात्र एक मोठी नोंद आहे. अमरावतीहून परतवाडा, तिथून सेमाडोहचा घाट, हरिसाल, धारणी अशी वाट जाते तो मेळघाट. तिथल्या कोरकू गावांमध्ये लहान मुलं श्वसनाच्या आजाराने का दगावतात, याचा एक अभ्यास चालू होता. मेळघाटात वर्षानुवर्षं काम करणारे डॉ. आशीष सातव आणि त्यांची ‘महान’ ही संस्था त्यात होती. ९३ गावांतल्या दोन वर्षांखालच्या मुलांवर लक्ष होतं. शोध चालला होता आरएसव्ही या वेगळ्याच विषाणूचा. आजारी मुलांच्या नाकातला स्राव काडीवर घेऊन तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तपासायला जात असे. २०१९ च्या सुरुवातीला १७ महिन्यांच्या एका मुलाचा नमुना आला. ताप, खोकला, धाप. त्यात निघाला एच९एन२, कोंबड्यांमधला इन्फ्लुएंझा. भारतात माणसाच्या शरीरात हा विषाणू प्रयोगशाळेत सिद्ध होण्याची ही पहिली वेळ. मूल बरं झालं. कोंबड्यांशी त्याचा थेट संबंध आल्याचं काही आढळलं नाही. दुसऱ्या भारतीय रुग्णाची नोंद व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. तेही मूलच होतं, पश्चिम बंगालचं.

एनआयव्हीच्या डॉ. वर्षा पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूचा सगळा जनुकसंच वाचून काढला आणि त्याच वर्षी शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषाणू मिश्र कुळाचा होता. काही भाग जी१ नावाच्या एच९एन२ घराण्याचा, काही भाग एच७एन३ या भलत्याच उपप्रकाराशी नातं सांगणारा. त्यावर फ्लूविरोधी औषधांचे दोन गट चालतील, असंही त्यात नोंदवलं होतं.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, जो बातमीत कुणी विचारत नाही. पुण्यातल्या यंत्राने दिली ती ए, जी, सी, यू या चार अक्षरांची लांबलचक ओळ. त्यावरून ‘औषध चालेल’ हे कसं कळलं? अक्षरं दिसणं वेगळं आणि त्यांचा अर्थ लागणं वेगळं. अर्थ लागला, कारण जगात इतरत्र कुणीतरी ती अक्षरं आधी मुद्दाम बदलून पाहिली होती किंवा निसर्गाने बदललेली अक्षरं चिकाटीने हुडकून काढली होती. हे प्रकरण त्या मोडतोडीचं आहे.

इन्फ्लुएंझा ए चा जनुकसंच अगदी आटोपशीर. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं, याच्या जनुकसंचात सुमारे साडेतेरा हजार. तीही सलग नाहीत. आरएनएचे आठ सुटे तुकडे. सर्वांत लांब तुकडा २३४१ अक्षरांचा, सर्वांत छोटा ८९०. या आठ तुकड्यांतून दहा-बारा, फार तर थोडी अधिक प्रथिनं तयार होतात. एचए म्हणजे हिमॅग्लुटिनिन, जे पेशीला चिकटतं. एनए म्हणजे न्यूरामिनिडेज, जे नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवतं. एच९एन२ मधले ९ आणि २ हे या दोघांचेच प्रकार-क्रमांक. पीबी१, पीबी२ आणि पीए हे त्रिकूट आरएनएच्या प्रती काढतं. एनपी त्या आरएनएला गुंडाळून धरतं. एम२ विषाणूच्या आवरणातली एक बारीक नळी असते. आणि मग येतं एनएस१. त्याचं काम कित्येक वर्षं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

आठ सुटे तुकडे असल्याचा एक परिणाम फार मोठा आहे. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले तर बाहेर पडणाऱ्या पिल्लांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. मेळघाटातल्या विषाणूची मिश्र वंशावळ हे त्याचंच फळ. माणसांनीही या अदलाबदलीचा फायदा फार आधीपासून उठवला. १९३४ साली पोर्तो रिकोत एका रुग्णाकडून मिळालेला पीआर८ नावाचा विषाणू प्रयोगशाळेत इतका मुरला की कोंबडीच्या अंड्यात जोमाने वाढायचा, पण माणसाला काही करायचा नाही. अमेरिकेतल्या एडविन किलबोर्न यांनी १९७० च्या सुमारास युक्ती काढली. एकाच अंड्यात पीआर८ आणि त्या वर्षीचा साथीचा विषाणू सोडायचे, आणि निघालेल्या गोंधळातून हवा तो संकर निवडायचा. बाहेरची एचए-एनए साथीच्या विषाणूची, आतला संसार पीआर८ चा. रशियात लेनिनग्राडच्या एका थंडीत वाढणाऱ्या विषाणूवर असंच काम झालं आणि त्या घराण्यातूनच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची ‘नेसोव्हॅक’ ही स्वाइन फ्लूवरची लस जुलै २०१० मध्ये बाजारात आली. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच घेतला होता; वर्षाच्या आत त्याच शहरात लस तयार झाली.

पण अशा संकरात नशिबाचा भाग मोठा. पिल्लं चाळत बसायचं आणि हवं ते हाती लागेल अशी वाट पाहायची. प्रथिनांची कामं शोधण्याचीही जुनी पद्धत हीच, वाट पाहण्याची. अमँटाडिन या औषधाचंच घ्या. विषाणूला अमँटाडिनमध्ये वाढवत ठेवायचं. बहुतेक मरतात, एखाददुसरा तगतो. तगलेल्यांमध्ये काय बदललं ते शोधायचं. लंडनच्या मिल हिल प्रयोगशाळेत अ‍ॅलन हे यांच्या गटाने १९८५ मध्ये असे तगलेले विषाणू तपासले, तर बदल बहुतेक वेळी एम२ या प्रथिनातच सापडले, तेही मोजक्या जागी. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत बेडकाच्या अंडपेशीत एम२ घालून पाहिलं गेलं. ती विद्युतभारित हायड्रोजनला वाट देणारी नळी निघाली आणि अमँटाडिन तिच्या तोंडाशी बूच बसवतं हेही कळलं. मेळघाटच्या विषाणूच्या एम२ मध्ये त्या मोजक्या जागांची अक्षरं मूळचीच होती, म्हणून पुण्यात ‘औषध चालेल’ असं लिहिता आलं. गंमत अशी, की माणसांत दरवर्षी फिरणाऱ्या फ्लूवर आता हे औषध जवळपास निकामी झालंय; कोंबडीकडून आलेला हा पाहुणा मात्र अजून त्याला दबून होता.

या वाट पाहण्याला एक मर्यादा आहे. निसर्ग जे बदल करून देईल तेवढेच अभ्यासता येतात, आणि एखादं प्रथिन पार काढून टाकलेला विषाणू निसर्ग सहसा देत नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बिघडलेला पंप नेला, तर तो आधी नकाशा मागत नाही. एकेक वायर सोडवतो, काय बंद पडतं ते बघतो, पुन्हा जोडतो. विषाणूच्या बाबतीत हे जमायचं असेल तर जनुक हातात घेऊन, हवं ते अक्षर बदलून, त्यापासून पुन्हा जिवंत विषाणू उभा करता आला पाहिजे. याला रिव्हर्स जेनेटिक्स म्हणतात. आधी दोष दिसायचा आणि मग जनुक शोधलं जायचं. इथे आधी जनुकात बदल, मग काय दोष दिसतो ते पाहणं.

पोलिओच्या विषाणूबाबत हे १९८१ मध्येच साधलं होतं. त्याचा आरएनए पेशीत नुसता सोडला तरी पेशी तो थेट वाचते आणि विषाणू तयार करून देते. इन्फ्लुएंझाचं तसं नाही. त्याचा आरएनए उलट्या बाजूचा. पेशीला तो वाचताच येत नाही. आधी विषाणूच्याच यंत्रणेने त्याची सुलटी प्रत काढावी लागते. म्हणजे आरएनएबरोबर पीबी१, पीबी२, पीए आणि एनपी ही चारही प्रथिनं त्याच पेशीत, त्याच वेळी हजर हवीत. आणि हे एका तुकड्याचं नाही, आठही तुकड्यांचं.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यक महाविद्यालयात पीटर पालेसे यांच्या गटाने १९८९ मध्ये पहिली खिंड फोडली. एका तुकड्याच्या जागी त्यांनी एक परकं जनुक घातलं आणि फ्लूच्या विषाणूने ते आपलंच समजून वाहून नेलं. पण बाकीच्या सात तुकड्यांसाठी अजून एका मदतनीस विषाणूची गरज होती. पूर्ण विषाणू फक्त प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएतून उभा करायला आणखी दहा वर्षं लागली. १९९९ मध्ये दोन गटांनी हे जवळपास एकाच वेळी केलं. अमेरिकेतल्या मॅडिसनला योशिहिरो कावाओका आणि गाब्रिएले नॉयमन यांनी, आणि ऑक्सफर्डचे जॉर्ज ब्राउनली व अर्व्हिन फोडोर यांनी पालेसे यांच्या गटासोबत. मॅडिसनवाल्यांनी एका पेशीत १७ वेगवेगळी प्लास्मिडं, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, सोडली होती. पुढच्याच वर्षी मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात एरिक हॉफमन आणि रॉबर्ट वेब्स्टर यांच्या गटाने ही संख्या आठवर आणली. एका वर्तुळावरून दोन्ही कामं होतील अशी ती रचना होती. विषाणूचा आरएनएही निघतो आणि प्रथिनाचा संदेशही. आठ तुकडे, आठ वर्तुळं.

आता एनएस१ ची गोष्ट. या सगळ्या इतिहासात एवढा रंगतदार भाग दुसरा नाही.

एनएस म्हणजे ‘नॉन-स्ट्रक्चरल’. विषाणूच्या बांधणीत ज्याला जागा नाही ते प्रथिन. विषाणूच्या कणात ते जवळजवळ सापडत नाही, पण लागण झालेल्या पेशीत त्याचे ढीग असतात. सर्वांत छोट्या, ८९० अक्षरांच्या तुकड्यावर ते बसलेलं. साडेतेरा हजार अक्षरांत काटकसर करणारा विषाणू बांधणीत न लागणारं प्रथिन इतकं भरभरून का बनवतो? बरेच अंदाज होते. १९९८ मध्ये पालेसे यांच्याच प्रयोगशाळेत अडोल्फो गार्सिया-सास्त्रे यांनी सरळ एनएस१ काढून टाकलेला विषाणू तयार केला. अपेक्षा अशी की विषाणू वाढणार नाही. आणि बहुतेक पेशींत तो खरंच नीट वाढला नाही. पण व्हेरो पेशींत वाढला. व्हेरो म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानमध्ये १९६२ साली काढलेल्या पेशी. त्यांचं वैशिष्ट्य हे की त्यांना इंटरफेरॉन बनवता येत नाही. इंटरफेरॉन म्हणजे लागण झालेल्या पेशीने शेजारच्या पेशींना दिलेला इशारा. तो मिळाला की त्या पेशी विषाणूविरुद्ध कडेकोट बंदोबस्त करतात.

मग उंदरांवर पाहिलं. धडधाकट उंदरांना एनएस१ नसलेल्या विषाणूने काहीच केलं नाही. ज्या उंदरांमध्ये इंटरफेरॉनचा इशारा पुढे नेणारं एसटीएटी१ हे जनुक नव्हतं, ते मात्र त्याच विषाणूने मेले. उत्तर समोर होतं. एनएस१ चं मुख्य काम विषाणू बांधणं नव्हे, तर यजमानाचा इशारा दाबणं. इशारा देणारंच कुणी नसेल तर त्याची गरजही नाही. कोंबडीच्या अंड्यांनीही हीच साक्ष दिली. सहा-सात दिवसांच्या कोवळ्या गर्भात तो विषाणू चांगला वाढला, दहा-अकरा दिवसांच्या गर्भात अडखळला, कारण तोवर पिलाची इंटरफेरॉन यंत्रणा जागी झालेली असते.

असा इशारा दाबू न शकणारा विषाणू लसीसाठी उत्तम ठरतो, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. तो शरीराला डिवचतो, पण टिकत नाही. चीनमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये तातडीच्या वापरासाठी मंजूर झालेली नाकातून घ्यायची एक कोविड लस अशाच एनएस१ काढलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूवर कोरोनाच्या प्रथिनाचा तुकडा बसवून बनवली होती. १९९८ मध्ये निव्वळ ‘हे प्रथिन करतं तरी काय’ या कुतूहलाने काढलेली वायर चोवीस वर्षांनी दुसऱ्याच रोगाच्या कामी आली.

काढायच्या ऐवजी घालताही येतं. एनएस तुकड्यात जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला विषाणू २०१० मध्ये बालाजी मणिकसामी आणि गार्सिया-सास्त्रे यांच्या गटाने बनवला. लागण झालेली प्रत्येक पेशी हिरवी दिसू लागली, आणि उंदराच्या फुप्फुसात विषाणू कुठून कुठे सरकतो हे रोजच्या रोज पाहता आलं. नवी प्रथिनंही हाती लागली. पीआर८ चे सगळे तुकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वाचून झाले होते, तरी पीबी१-एफ२ सापडलं २००१ मध्ये आणि पीए-एक्स तर २०१२ मध्ये. अक्षरं तीस वर्षं डोळ्यांसमोर होती. वाचनाची चौकट एका जागी किंचित सरकते आणि त्याच अक्षरांतून दुसरं प्रथिन निघतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती चौकट मोडलेले विषाणू बनवून मूळ विषाणूशी ताडले, तेव्हा पीए-एक्स हे यजमान पेशीचा स्वतःचा कारभार बंद पाडणारं प्रथिन आहे हे पक्कं झालं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या तंत्राशी सगळ्यात जवळचा संबंध आला तो नवापूरमुळे. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेला लागून असलेलं नवापूर हे पोल्ट्रीचं मोठं ठाणं. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्याच रोगाचा संशय होता. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला: एच५एन१. देशातली ही पहिली नोंद. पुढे जळगाव जिल्ह्यातही तो निघाला. पांढरे सुरक्षा पोशाख घातलेली माणसं शेडमध्ये शिरली, लाखो पक्षी मारून पुरले गेले, आणि कर्ज काढून पोल्ट्री टाकलेल्या कितीतरी घरांचं वर्ष बुडालं. तो विषाणू क्लेड २.२ या घराण्याचा होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मारणारं घराणं हेच. त्या मेलेल्या पक्ष्यांत विदर्भातल्या तळ्यांवरही हिवाळ्यात दिसणारे पट्टकदंब मोठ्या संख्येने होते.

२००६ च्या त्या साथीतला, कोंबडीतून मिळवलेला एक विषाणू एनआयव्हीने वेगळा केला. त्याचं नाव ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६. जागतिक आरोग्य संघटनेच्या संभाव्य लस-बीजांच्या यादीत हे नाव आरजी७ या खुणेसह आहे. आरजी म्हणजे रिव्हर्स जेनेटिक्स. एनआयव्ही आणि अमेरिकेतल्या अटलांटाची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था यांच्या नावावर ती नोंद आहे.

हे बीज कसं बनतं ते जवळून पाहण्याजोगं आहे, कारण प्रथिनाच्या कामाचं ज्ञान इथे थेट वापरलं जातं. एच५एन१ जसाच्या तसा लसीसाठी चालत नाही. तो कारखान्यातल्या कामगाराला धोकादायक, आणि शिवाय ज्या अंड्यात वाढवायचा त्या अंड्यातला गर्भच तो मारून टाकतो. हा दोष बहुतांशी एचए प्रथिनाच्या एका छोट्या जागेत आहे. पेशीत शिरण्यापूर्वी एचए चे दोन भाग व्हावे लागतात आणि ते काम यजमानाचं विकर करतं. साध्या फ्लूमध्ये हे कापायचं विकर फक्त श्वसनमार्गात किंवा आतड्यात मिळतं, म्हणून विषाणू तिथेच अडकून राहतो. घातक एच५ मध्ये त्या सांध्यावर काही जादा अमिनो आम्लं असतात, त्यामुळे तो सांधा कुठल्याही अवयवात कापला जातो, आणि कोंबडीचा मेंदू, हृदय, सगळंच विषाणूला मोकळं होतं. लसीचं बीज करताना एचए च्या प्लास्मिडमधून हा जादा भाग काढून टाकतात. ते सुधारलेलं एचए आणि त्याच विषाणूचं एनए घेतात. बाकीचे सहा तुकडे १९३४ च्या त्या जुन्या पीआर८ चे. आठही वर्तुळं पेशीत सोडली की उभा राहतो अंड्यात छान वाढणारा, कोंबडीलाही न मारणारा, पण बाहेरून एच५एन१ सारखाच दिसणारा विषाणू. जुन्या पद्धतीने इतका नेमका बदल करणं शक्यच नव्हतं. १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ ने १८ जणांना गाठलं, त्यातले सहा दगावले, तेव्हा लसीचं बीज बनवताना जगभरच्या प्रयोगशाळांची दमछाक झाली होती. २००३ मध्ये पुन्हा तशी वेळ आली, तेव्हा मेम्फिसच्या गटाने रिव्हर्स जेनेटिक्सने चार आठवड्यांच्या आत बीज तयार केलं.

अशी बीजं बहुधा शीतपेटीतच राहतात. साथ माणसांत पसरली तरच त्यांची गरज, आणि तोवर विषाणू बदललेला असतो. मग नवं बीज. हा खर्च वाया गेला असं म्हणणारे भेटतात. पण विम्याचा हप्ता भरून अपघात झाला नाही म्हणून कुणी हळहळत नाही. यातला खरा वादाचा मुद्दा वेगळा आहे. विषाणू द्यायचा गरीब देशांनी आणि लस मिळायची श्रीमंतांना, असं म्हणत इंडोनेशियाने २००७ मध्ये नमुने देणं थांबवलं होतं. त्यातूनच २०११ मध्ये नमुने आणि लाभ वाटून घेण्याची जागतिक चौकट ठरली.

इतकं ताकदीचं तंत्र एकाच दिशेने वापरलं जाईल अशी अपेक्षा भाबडी आहे. २००५ मध्ये अटलांटात टेरेन्स टम्पी यांनी १९१८ च्या महासाथीचा विषाणू पुन्हा उभा केला. त्याची अक्षरं जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने जुन्या ऊतींतून आणि अलास्कातल्या बर्फाळ जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहातून जुळवली होती. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. मराठीत त्या साथीचं नाव ‘मानमोडी’. टम्पी आणि सहकाऱ्यांनी त्या विषाणूचे तुकडे साध्या विषाणूच्या तुकड्यांशी एकेक करून बदलले आणि मारकपणात कोणत्या तुकड्याचा किती हात होता ते पाहिलं. ऐंशी-नव्वद वर्षांनंतर त्या मृत्यूंचं कारण असं जनुकाच्या पातळीवर शोधणं विलक्षण आहे, पण मेलेला विषाणू जिवंत करायचाच कशाला, हा प्रश्नही तेव्हापासून उभा आहे.

तो आणखी टोकदार झाला २०११ मध्ये. हॉलंडचे रॉन फूशिए आणि मॅडिसनचे कावाओका यांच्या गटांनी एच५एन१ हवेतून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांमध्ये पसरू शकतो का, हे बदल करून तपासलं. निबंध छापावेत की नाही यावर महिनोन्महिने वाद झाला. जानेवारी २०१२ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी स्वतःहून काम थांबवलं, ते वर्षभर थांबलं. निबंध २०१२ मध्येच छापून आले. अमेरिकी सरकारने २०१४ ते २०१७ या काळात अशा प्रयोगांचं अनुदान रोखून धरलं. एनएस१ काढणं आणि संसर्गक्षमता वाढवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नियम करणाऱ्यांनी तो धरलाच पाहिजे. पण प्रयोगशाळेतली वर्तुळं, पेशी आणि हातखंडा दोन्हींना तोच लागतो, हेही तितकंच खरं. भारतात १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली १९८९ साली जनुकबदल केलेल्या सजीवांसाठी नियम झाले. त्यानुसार असं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते आणि धोक्याच्या प्रमाणात वरची परवानगीही.

इकडे विषाणू काही नियमांसाठी थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. जानेवारीत भोपाळचा अहवाल आला: एच५एन१. ते वाघ चंद्रपूर भागातून आणलेले होते.

मांजरकुळापर्यंत पोहोचलेला पक्ष्यांचा विषाणू माणसात सहजासहजी का रुजत नाही, याचंही एक उत्तर मोडतोडीतूनच मिळालं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात वेंडी बार्कले यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की प्रती काढणाऱ्या त्या पीबी१-पीबी२-पीए त्रिकुटाला यजमानाच्या एएनपी३२ए या प्रथिनाचा आधार लागतो. कोंबडीच्या एएनपी३२ए मध्ये माणसापेक्षा ३३ अमिनो आम्लं जादा असतात. पक्ष्यांच्या विषाणूला त्याच जादा भागाची सवय. माणसाच्या आखूड प्रथिनावर त्याचं काम रखडतं.

मग विषाणूऐवजी कोंबडीच बदलली तर? एडिंबरोच्या रोझलिन संस्थेने, म्हणजे डॉली मेंढी जन्मली त्याच संस्थेने, इम्पिरियल आणि पर्ब्राइट या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांसोबत एएनपी३२ए मध्ये दोन अमिनो आम्लांचा फरक केलेल्या कोंबड्या तयार केल्या. निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीसाठी वापरला विषाणू एच९एन२, पाकिस्तानातल्या कोंबडीतून २००८ मध्ये मिळालेला, म्हणजे मेळघाटच्या विषाणूचा भाऊबंदच. नेहमीच्या मात्रेत दहापैकी नऊ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा हजारपट केली तेव्हा मात्र दहापैकी पाच जणींना झाली. त्यांच्यातून निघालेल्या विषाणूच्या प्रती काढणाऱ्या त्रिकुटात बदल झाले होते. बदललेल्या एएनपी३२ए वरही तो काम भागवू लागला होता, शिवाय त्याच कुटुंबातल्या एएनपी३२बी आणि एएनपी३२ई या दोन भावंडांचा आधार घेऊ लागला होता. शास्त्रज्ञांनी मग कोंबडीच्या पेशींमधून ही तिन्ही जनुकं काढून पाहिली. त्या पेशींत विषाणू वाढू शकला नाही. पण हे झालं काचेच्या बशीतल्या पेशींचं. एएनपी३२ कुटुंबाला पक्ष्याच्या शरीरात स्वतःचीही कामं असतात. ही तिन्ही जनुकं गमावलेलं पिल्लू नीट वाढतं का आणि मोठं झाल्यावर अंडी देतं का, हा पुढचा प्रयोग आहे.